आइलीचे निबंध

मंगळवार, ३ सप्टेंबर

गाडीत बसून लिहितेय. कॉलेजच्या मागच्या आवारात गाडी लावलीय, काचा खाली केल्यात आणि करायला काही म्हणजे काही नाही. विणकाम तरी आणायला हवं होतं. पुढच्या कप्प्यात ही वही सापडली. मी ज्या दातांच्या दवाखान्यात फोन घेते, तिथं नाताळात वाटायला आलेली. वर हसऱ्या दाताचं चित्र आहे. दाताचं तर दाताचं.

आइली आत आहे. पंधरा वर्षांची पोर, शाळेत दहावीला, आणि आजपासून आठवड्यातल्या दोन दुपारी कॉलेजात. गणित आणि इंग्रजी लेखन. शाळेतल्या हार्यू सरांनीच बोलावून सांगितलं, "हिचं गणित आमच्या हाताबाहेर गेलंय. कॉलेजात बसू दे. सोबत लेखनाचा वर्ग घेतला, तर शाळा संपेपर्यंत कॉलेजचं जवळजवळ वर्ष पदरात पडेल." मी तिथल्या तिथे हो म्हटलं. आइलीही हो म्हणाली. मी तीनदा विचारलं, तीनदा "चालेल" म्हणाली.

आर्नीचं म्हणणं निराळं. "कॉलेज कुठं पळून चाललंय?" माझा नवरा हिवाळाभर काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलणारी गाडी चालवतो आणि उन्हाळाभर त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवतो. त्याला कशाची घाई म्हणून नसते. घरातल्या एकाला तरी असायला हवी. आइलीला लायसन्स मिळायला अजून अवकाश आहे, म्हणून मी मंगळवार-गुरुवारच्या पाळ्या बदलून घेतल्या आणि शनिवार गळ्यात घेतले.

मघाशी दारापर्यंत सोडायला निघाले, तर म्हणाली, "आई, इथंच थांब." दाढीवाले मुलगे, कडेवर लेकरू घेतलेली एक मुलगी, माझ्याएवढी एक बाईसुद्धा आत जात होती. त्यांच्यात आइली एवढीशी दिसत होती. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आत्मविश्वास आहे पोरीत.

या कॉलेजात मीही एक सत्र काढलंय, अठराव्या वर्षी. मग आईला झटका आला आणि सोडलं. तेव्हा इमारतीचा रंग वेगळा होता. बाकी काही नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

गाडीत उकडतं, म्हणून आता वाचनालयात बसते. कुणी काही विचारत नाही. आइली लेखनाचं पाठ्यपुस्तक गाडीतच विसरते, ते घेऊन बसले. पहिली तीन प्रकरणं वाचून झाली. बरं लिहिलंय. काही ठिकाणी पटलं नाही.

पहिला निबंध असा: एखादी जागा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी करा. आइलीनं शाळेच्या तळघरातली बँडची खोली घेतली. ती ट्रोम्बोन वाजवते, उजव्या हातानं नळी पुढे-मागे सरकवायचं ते पितळी वाद्य. तिनं लिहिलं होतं की तालीम संपल्यावर वाद्यातली थुंकी जमिनीवर झटकतात, तिची डबकी होतात आणि त्यावरून कोण कुठं बसतं ते ओळखता येतं.

"थुंकीचं कुणाला वाचायचंय?" मी म्हटलं.

"मला गंमत वाटली."

"पणजोबांच्या सौनावर लिही की. वाफ घ्यायची ती तळ्याकाठची खोली. धूर, अंगावर झोडायच्या बर्चच्या फांद्या, माझे आजोबा कसे बर्फात लोळायचे."

"ती जळली तेव्हा मी तीन वर्षांची होते, आई. मला काही आठवत नाही."

"मला आठवतं ना. मी सांगते, तू लिही."

मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. किती भराभर करते. मध्ये एकदाही अडली नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर

सौनाच्या निबंधाला बी प्लस. पहिल्याच फटक्यात, कॉलेजात. मात्र लेखन शिकवणाऱ्या त्या ट्रुडेल बाईंनी खाली लिहिलंय, 'चित्र सुरेख. पण या जागेत तुम्ही स्वतः कुठे आहात?' आता हा काय प्रश्न झाला? दारात उभी आहे, फांद्या घेऊन. वाचलं नाही वाटतं नीट.

गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. ते असतंच.

संध्याकाळी बँडचे कँगस सर फोनवर. तालमी मंगळवार-गुरुवारी दुपारी असतात, आइली येत नाही, आता तिची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, वगैरे. फार गोड माणूस आहे, पण त्यांना जगात बँडशिवाय दुसरं काही दिसत नाही. मी फोन हातानं झाकून आइलीला म्हटलं, "तूच ठरव बाई. मी मध्ये पडणार नाही."

"ठरलंय की," ती म्हणाली आणि चघळत होती ते चघळत राहिली.

दुसरी एखादी रडून गोंधळ घालती. हिनं हूं की चूं केलं नाही. एवढ्या वयात एवढी समज. फक्त हल्ली गाडीत तिचा उजवा हात मांडीवर पुढे-मागे, पुढे-मागे सरकत असतो. मला रस्त्यावर लक्ष ठेवता येत नाही. आज सांगितलं तर थांबवला.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

दुसरा निबंध: सगळ्यांना मान्य असलेल्या एखाद्या मताला विरोध करा. परवा आइलीनं कच्चं लिहून दाखवलं. विषय, शाळेत असतानाच कॉलेज करणं. मला वाटलं बाजूनं असेल. विरोधात निघालं. 'सगळे म्हणतात वेळ वाचतो. वाचवलेल्या वेळाचं पुढे काय करतात हे कुणी सांगत नाही. मला तरी तो कुठे दिसलेला नाही.' असं काहीतरी.

मी शांतपणे समजावलं. कॉलेजच्या बाईंनाच कॉलेजविरुद्ध लिहून द्यायचं म्हणजे त्यांच्या ताटात माती कालवणं. आणि या वयात असं वाटतंच, ते लिहून ठेवण्यात शहाणपणा नाही.

"मग कशावर लिहू?" ती म्हणाली.

आमच्या गावच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद केला त्यावर लिही म्हटलं. सगळे म्हणतात की परवडत नव्हतं, करणार काय. मला त्यावर बोलायचंच होतं. दोन वर्षं बोलायचं होतं. बर्फाच्या वादळात कळा देणाऱ्या बाईला घेऊन तासभर गाडी चालवायची, हे परवडतं का?

सुरुवातीला मी फक्त स्वल्पविराम टाकत होते. मग एक वाक्य लंगडत होतं ते सरळ केलं. सरळ केल्यावर त्याच्या शेजारचं वाकडं दिसायला लागलं. आज वाचनालयात बसून तीन परिच्छेद झाले. हात दुखेपर्यंत लिहिलं आणि घड्याळाकडे पाहिलंच नाही.

गाडीत तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "चांगलं आहे. यातलं माझं कुठलं?"

"अगं, मुद्दा आपल्या दोघींचा आहे."

ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

ए मायनस. आणि खाली ट्रुडेल बाईंच्या अक्षरात: 'तुम्हाला तुमचा आवाज सापडला. आता तो सोडू नका.'

घरी येताना सिग्नलला थांबले तेव्हा पुन्हा वाचलं. मागच्यानं हॉर्न वाजवला.

जेवताना आर्नीला सांगितलं. मांस-बटाटा भरून पास्टी केल्या होत्या, सलगम जास्त घालून, त्याला आवडतात तशा.

"कुणाला मिळाला म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"कुणाला म्हणजे? आइलीला."

"असं," तो म्हणाला आणि आणखी एक पास्टी घेतली.

आइली उठली आणि कुणी न सांगता सगळी भांडी घासायला लागली. यश मिळालं की माणूस कसा हलका होतो.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

पहिला बर्फ. रस्ता निसरडा, येताना जीव मुठीत. आणि आज एक बावळटपणा केला.

वाचनालयात पाठ्यपुस्तक उघडून बसले होते. पहिल्या दिवशी दिसलेली ती माझ्या वयाची बाई समोर येऊन बसली. बर्निस तिचं नाव. वृद्धाश्रमात कामाला होती, तो बंद पडला, आता नर्सिंगसाठी धडपडतेय. पुस्तकाकडे बघून म्हणाली, "तुम्ही पण का? लेखनाचा वर्ग? दुसऱ्या तुकडीत?"

"हो," मी म्हटलं.

हो का म्हटलं, ते मला आत्ताही सांगता येणार नाही. पुस्तक समोर होतं, म्हणून असेल. मग दुरुस्त करायची वेळ निघून गेली. सहाव्या प्रकरणावर आम्ही मनसोक्त भांडलो. मला त्यातला लेखक आढ्यताखोर वाटतो, तिला तो प्रामाणिक वाटतो. किती दिवसांनी कुणाशी असं भांडले. आर्नीशी होतात ती भांडणं टायरवरून.

मग ती म्हणाली, "तुमच्यासारखं कुणी आमच्या वर्गात हवं होतं. आम्ही सगळे मुके. एक शाळेतली मुलगी आहे, लिहिते फार छान म्हणे, बाई तिचं वाचून दाखवतात. पण तोंड उघडेल तर शपथ. आपलं वाचून दाखवलं जात असताना खिडकीबाहेर बघत बसते."

"लाजाळू असेल," मी म्हटलं.

वर्ग सुटायच्या वेळी मी बाथरूममध्ये जाऊन बसले. आम्हा दोघींना एकत्र बघितलं असतं तर काय सांगणार होते? आइली बर्फात गाडीपाशी उभी राहिली होती. "कुठं होतीस?" म्हणाली. पोट बिघडलं म्हटलं.

रविवार, १७ नोव्हेंबर

शुक्रवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला. शाळेला सुट्टी, दवाखान्याला सुट्टी, गावातले सगळे पुरुष आणि निम्म्या बायका नारिंगी कोट घालून रानात. आइली नऊ वर्षांची असल्यापासून आर्नीबरोबर त्याच्या रानातल्या झोपडीवर जाते. बंदुकीपेक्षा तिला तिथली शेगडी पेटवायला जास्त आवडतं.

यंदा म्हणाली, "मी नाही येत. मंगळवारी मोठा निबंध द्यायचाय."

आर्नी दारात उभा होता, कोट घालून, थर्मास हातात. थर्मासचं झाकण पुन्हा घट्ट केलं. पण गेला नाही.

मी म्हटलं, "जा. मी बघते."

आइलीनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. "बघते म्हणजे?"

"सुरुवात करून ठेवते. तू आल्यावर पुढचं कर."

तिनं बूट चढवले. मी मागे लागले नव्हते, हे इथं लिहून ठेवते. तिचे बूट तिनंच चढवले.

विषय होता, घरातलं एक माणूस. मी स्वयंपाकघरात बसले आणि आईबद्दल लिहिलं. झटका आल्यावर तिची भाषा गेली होती. मी अठराची. डबे काढून तिच्यापुढे मांडायची. हे मीठ, ही कॉफी, हा चमचा. पाच महिन्यांनी तिला शब्द परत आले, पण ते भलत्याच वस्तूंना चिकटले. खिडकीला ती 'लोणी' म्हणायची. मला 'चमचा' म्हणायची. शेवटपर्यंत. रागावली की मोठ्यानं 'चमचा', आणि थंडी वाजली की हळूच 'चमचा'. मरताना आर्नी तिच्यापाशी होता. त्याला म्हणाली, चमच्याला बोलाव. तो बिचारा ड्रॉवर उघडून शोधायला लागला.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लिहिता लिहिता बाहेर काळोख झाला, दुपारचं जेवण राहिलं. शेवटी 'आई' होतं तिथे 'आजी' केलं आणि 'मी' होतं तिथे 'आई'. तेवढाच बदल करावा लागला.

आज संध्याकाळी दोघं परत आली. हरीण नाही, पण आइलीचे गाल लाल, अंगाला धुराचा वास आणि तोंड चालूच. वेलदोड्याच्या पावाचे चार तुकडे खाल्ले. किती महिन्यांनी अशी बडबडली.

"निबंध?" मध्येच आठवलं तिला.

"झालाय."

"सगळा?"

"वाच की."

तिनं कागद घेतले, बॅगेत ठेवले आणि वडिलांशी शेगडीच्या धुराड्यावरून वाद घालायला लागली. झोपायला जाताना मी विचारलं, वाचलास का? "वाचते गं," म्हणाली. मला उगाच थोडं लागलं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

अजून कोटही उतरवलेला नाही, आधी हे लिहितेय.

आज वर्गाऐवजी ट्रुडेल बाई एकेकाला खोलीत बोलावत होत्या. मी बोळातल्या बाकावर बसले होते. आइली आत गेली, दार बंद झालं. दहाएक मिनिटांनी बाहेर आली ती कान लालभडक. माझ्यासमोरून सरळ चालत गाडीपर्यंत गेली.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "त्यांना निबंध फार आवडला. वाचताना रडल्या म्हणे."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, आजी आईला चमचा म्हणायची, मग तुला काय म्हणायची?"

मी गाडी सुरूच केली नाही.

"मी वाचलंच नव्हतं, आई. मला कळेना, चमचा काय. मी म्हटलं, आइली म्हणायची." ती समोर बघत होती. "मी जन्मायच्या आधीच गेली ना ती?"

"हो."

"तेही मला नीट माहीत नव्हतं."

मग ट्रुडेल बाईंनी विचारलं की हे कुणी लिहिलं. आइलीनं सांगितलं, नेटवरून उतरवलं. आधीचेही? आधीचेही.

"नेटवरून कशाला सांगितलंस?" मी म्हटलं.

"मग काय सांगू?"

प्रकरण कॉलेजच्या समितीपुढे जाईल. चोरीचा शेरा बसला तर तो कायमचा, पुढे कुठल्याही कॉलेजात अर्ज केला तरी दिसणारा. गणिताच्या वर्गातूनही काढू शकतात.

बर्फ पडत होता. मग गाडी सुरू केली.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

दवाखान्यातून कॉलेजला फोन केला. बाईंशी बोलायचंय, मी आइली कोस्केलाची आई. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की विद्यार्थ्यांबद्दल कॉलेज फक्त विद्यार्थ्यांशी बोलतं. ती पंधरा वर्षांची आहे, म्हटलं. "हो मॅडम, पण इथं ती विद्यार्थिनी आहे."

म्हणजे मी कोण, असं विचारणार होते. तेवढ्यात दाढ दुखणारा माणूस समोर आला.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यामुळे इंग्रजीचा वर्ग नव्हता, फक्त गणित. आइली त्याला गेली. मी वाचनालयात गेले नाही.

सगळीकडून विचार करून पाहिला. मी सांगितलं तर मला काय होणार? काहीच नाही. मी त्यांची कुणी नाही. तिचं मात्र आणखी बिघडू शकतं. नेटवरून उतरवणारी पोरं शेकड्यांनी असतील, त्याची त्यांना सवय असेल. आईनं लिहून दिलं, हे ऐकायला जास्त वाईट वाटतं. शिवाय ती एकदा एक बोलली, आता मी दुसरं बोलले तर ती खोटारडी ठरते. गप्प राहण्यातच तिचं हित आहे, असं दिसतं.

आर्नीला आइलीनं सगळं सांगितलंय, मला न विचारता. रात्रपाळीला निघताना तो म्हणाला, "तू जाऊन सांगणार असशील ना."

"तिच्या भल्याचं काय ते बघतेय मी."

"ते तर सप्टेंबरपासून बघतेयस," तो म्हणाला आणि टोपी शोधायला लागला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

टर्की कोरडी झाली. कुणी काही बोललं नाही त्यावर. कशावरच नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर

गेले एकदाची. आइली गणिताला बसल्यावर जिना चढून वर गेले.

नेमकी बोळात बर्निस. "काय हो, तुमचा मोठा निबंध कसा झाला?" म्हणाली. मी काय उत्तर दिलं, आठवत नाही. तेवढ्यात ट्रुडेल बाईंनी दार उघडलं. माझ्यापेक्षा लहान आहेत. सर्दीनं नाक लाल. मी नाव सांगितल्याबरोबर हात वर करून म्हणाल्या, "मी आइलीबद्दल तुमच्याशी बोलू शकत नाही."

"मग बोलू नका. ऐका."

सौनापासून सांगितलं. बाळंतपणाच्या विभागाचं सांगितलं. आईचं सांगितलं. त्या मध्ये फक्त एकदाच म्हणाल्या, "म्हणजे चमचा तुम्ही."

"हो. मी."

बाहेर कुणीतरी फावड्यानं पायऱ्यांवरचा बर्फ काढत होतं, त्याचा आवाज येत होता. त्यांनी नाक पुसलं.

"ते तिन्ही लेख चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "लिहिणारीला हे सांगण्यात कुठला नियम मोडत नाही. आणि मी सत्रभर एका मुलीला सांगत राहिले की तुझा आवाज सोडू नकोस. ती समोर बसून ऐकत होती. हेही लिहिणारीला सांगायला हरकत नाही."

मी जिना उतरले. आणि खरं लिहायचं तर, शेवटच्या पायरीपर्यंत माझ्या कानात पहिलंच वाक्य होतं. चांगले आहेत. तिन्ही. दुसरं गाडीपाशी आल्यावर ऐकू आलं.

आइली आली तेव्हा सांगितलं, "मी बाईंना सगळं सांगून आले. आता तुझ्यावर काही येणार नाही."

मला वाटलं, रडेल. गळ्यात पडेल.

"तुला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"कुणी सांगायला कशाला हवं? खरं ते—"

"मी ठरवलं होतं ना. मी बोलले होते ना काय ते." आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "या अख्ख्या सत्रात मी एकच गोष्ट माझ्या मनानं केली होती, आई. तीही तू घेतलीस."

काचेवर वाफ धरली होती. ती पुसत बसले.

मला कळत नाही. गप्प बसले तर आर्नी तसा बघतो. बोलले तर ही अशी. खरं सांगणं हे कुणाकडून काही घेणं कसं होतं? दोन तास झाले, इथं स्वयंपाकघरात तेच वाक्य उलटंपालटं करतेय. कुठला स्वल्पविराम इकडचा तिकडे केला तरी ते तसंच राहतं.

शनिवार, ७ डिसेंबर

समितीनं निर्णय दिला. तिन्ही निबंधांना शून्य. नोंदीत शेरा नाही. वर्गात बसून लिहायची शेवटची परीक्षा चांगली गेली तर लेखनात कसाबसा पास होईल. हे आइलीनं आर्नीला सांगितलं आणि आर्नीनं मला. हल्ली टपाल असं जातं.

आणखीही आहे. ती एकटी हार्यू सरांकडे जाऊन आली. पुढच्या सत्रात कॉलेजचं फक्त गणित, तेही सकाळचं. लेखन शाळेतल्या मुलांबरोबर. दुपारी बँड. कँगस सरांनी जागा दिलीय, शेवटच्या खुर्चीवर. गणिताच्या वर्गातला एक मुलगा आमच्याच रस्त्यानं येतो, त्याच्या आईशी बोलून तिनं जाण्यायेण्याचंही ठरवलंय. म्हणजे जानेवारीपासून मंगळवार-गुरुवार माझे मोकळे.

कालपासून तळघरात ट्रोम्बोन. आर्नी म्हणाला, गाय अडलीय असं वाटतं. पण वर्तमानपत्र घेऊन जिन्याच्या दारापाशी बसला होता, ते दार उघडं ठेवून.

मीही ऐकलं थोडं. सूर लागत नव्हता. ती तेच तेच पुन्हा वाजवत होती. मी खाली जाऊन काही म्हणाले नाही. दोनदा जिन्यापर्यंत गेले.

गुरुवार, १२ डिसेंबर

गाडीतच आहे. "इमारतीत येऊ नकोस," असं सांगून गेलीय. इंजिन चालू ठेवलंय, हातमोजे घालून लिहितेय.

ती आत लिहिते आहे. दोन तास. विषय आत गेल्यावरच कळतो. सुरुवात कशी करायची हे सकाळी सांगावंसं वाटलं. पहिलं वाक्य लहान ठेव, एवढंच. जिभेवर आलं होतं. तिच्या बॅगेची चेन अडकली होती, ती ओढून दिली.

मध्येच काचेवर टकटक. बर्निस. लवकर लिहून बाहेर आलेली. काच खाली केली आणि ती काही विचारायच्या आत सांगून टाकलं. मी विद्यार्थिनी नाही. वर्गातली ती शाळेतली मुलगी माझी. मी नुसती ड्रायव्हर.

तिच्या टोपीवर बर्फ साठत होता. "आणि सहाव्या प्रकरणावरून माझ्याशी भांडली ती कोण? ड्रायव्हर?"

"हो."

"नाव नोंदवायला अजून मुदत आहे," ती म्हणाली. "आणि पालकांना घेऊन यावं लागत नाही."

मला वेळ कुठला, असं म्हणणार होते. पण मंगळवार-गुरुवारचं आठवलं. ती हात हलवून आपल्या गाडीकडे गेली.

घरी आल्यावर, जेवणानंतर

आइली सगळ्यांत शेवटी बाहेर आली. बोटांना शाई. चेहऱ्यावरून काही कळेना. गाडीत बसली, पट्टा लावला, मी आणलेली पास्टी उघडली. मी निघाले.

पुढे बर्फ ढकलणारी गाडी होती, तिच्यामागून हळूहळू जावं लागलं. आर्नी नव्हता, दुसरं कुणीतरी. मी दिव्यांकडे बघत होते. माझ्या तोंडात निदान दहा प्रश्न होते. तळं मागे पडलं, लाकडाची वखार मागे पडली.

"विचारत का नाहीस?" ती म्हणाली.

"काय?"

"विषय काय होता ते."

"काय होता?"

ती पास्टी चावत राहिली. मग म्हणाली, "नाही सांगणार."

आणि हसली. चिडवून हसते तशी, नाक वर करून. मी तिकडे बघितलं तर म्हणाली, "रस्त्यावर बघ ना."

"बरं," मी म्हटलं.

थोड्या वेळानं तिनं आपणहून गणिताचं सुरू केलं. परवा वर्गात एक उदाहरण होतं, सर फळ्यावर अडकले आणि हिला दुसरी वाट दिसली, ती कशी, मग सरांनी खडू हिच्या हातात कसा दिला. हातवारे करत, पास्टीचे कण सांडत, थेट घराच्या दारापर्यंत. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी हूं हूं करत गाडी चालवत राहिले. गाडी दारात थांबली तरी तिचं संपलं नव्हतं, म्हणून इंजिन बंद केलं नाही.